तेविसाव्या पानावरचा बाप

“तेविसावे पान आपण स्वतः वाचले आहे काय?” मी फोनवर विचारले.

“सर, कादंबरी आहे ती. सुरुवातीला ‘सर्व पात्रे काल्पनिक’ टाकतो. प्रेस खोळंबलीय,” प्रकाशक म्हणाले.

“खोळंबू द्या.” मी फोन ठेवला.

पालघरच्या कोर्टात पस्तीस वर्षे वकिली केल्यावर मी आता प्रकाशकांना लीगल ओपिनियन देतो. म्हणजे छापण्यापूर्वी मजकूर वाचायचा आणि त्यावरून कोणी खटला भरू शकेल काय, ते लेखी कळवायचे. ही कादंबरी युद्धाची होती. लेखक नरेश, मूळचा जवळच्याच दांडी या मच्छीमारांच्या गावचा, नुकताच फौजेतून निवृत्त झालेला. तेविसाव्या पानावर सात वर्षांच्या नायकाला त्याचा बाप होडीवरून समुद्रात ढकलतो. पोर गटांगळ्या खाते, वर पाहते, तर बाप होडीच्या कडेला नाही. आपल्यासाठी कोणी येत नसते, हे त्याला त्या दिवशी कळते. पुढे युद्धात, चौकीवर तो मदतीची वाट न पाहता एकटाच जखमी साथीदाराला ओढून आणतो.

साहित्य म्हणून उत्तम. पण लेखकानेच दिलेल्या माहितीप्रमाणे गावाचे नाव खरे, होडीचे नाव खरे, बापाचा अधू डावा पायसुद्धा खरा. जिवंत माणसाची अशी ओळख पटत असेल, तर अब्रुनुकसानीचा दावा डिस्क्लेमरच्या एका ओळीने टळत नाही.

नरेशला विचारले, “हे घडले होते?”

“अक्षर न् अक्षर.”

“मग वडिलांची लेखी संमती आणा.”

“काका, त्या माणसाकडे मी काही मागत नाही.”

म्हणून संमतिपत्र घेऊन मीच दांडीला गेलो. खरे सांगायचे तर त्या बापाला जाब विचारायची मला घाई झाली होती.

नरेशचे वडील धर्माजी अंगणात जाळे शिवत होते. त्यांची पत्नी हिराबाई वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील वाळत टांगत होत्या. मी ते पान मोठ्याने वाचून दाखवले.

“खरं हाय. मीच टाकला,” धर्माजी म्हणाले. हातातली सुई थांबली नाही.

माझा तोल गेला. “सात वर्षांच्या मुलाला पाण्यात टाकून आपण कडेलाही थांबला नाहीत?”

“कडेला कसा आसंन, वकीलसाहेब? मी पान्यात होतो. होडीच्या पलीकडच्या अंगाला.”

हिराबाईंनी उलगडून सांगितले. “ह्यांचा भाऊ सुकाणूवर होता. ह्यांनी पोराला टाकला नि दुसऱ्या बाजूनं गपचूप उतरले. आमच्यात तसंच टाकतात. पान्यात आपलं कोन हाय हे पोराला समजलं तर ते हातपाय मारत नाय, मानसाला धरून ऱ्हातं.”

“पण नंतर? इतक्या वर्षांत एकदाही सांगितले नाहीत?”

“पोरगा मोठा हून त्याचं पोर पान्यात टाकंल, त्या दिवशी बापानं त्याला सांगायचं आसतं,” धर्माजी म्हणाले. “हा अठराव्या वर्षी पल्टनीत गेला. त्याची पोरगी छावणीत वाढली. सांगू कदी?”

“सुट्टीला आला तवा वाचा बसली होती काय?” हिराबाई कडाडल्या. “बाप तसा पोर. दोगं नुसते बोंबील! तोंड उगडं नि आवाज नाय.”

धर्माजींनी माझ्यापुढे हात केला. “सही कुटं करू? आनि एक अक्षर बदलू नका. त्याच्याच जोरावर तो तिकडं जगला ना?”

सही कुठे करायची, ते मला दाखवता येईना. “आज नको,” एवढेच म्हणालो. “आधी नरेशला कळवतो.”

“कलवा,” हिराबाई म्हणाल्या. धर्माजींनी जाळे पुन्हा मांडीवर ओढून घेतले.

बोईसरच्या पोस्टातून मी नरेशला रजिस्टर्ड पत्र धाडले. आईवडिलांचे शब्द जसेच्या तसे लिहिले, वर एकही शेरा मारला नाही. चौथ्या दिवशी तो पत्र हातात घेऊन माझ्या दारात उभा.

“काका, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं? मला नाही?”

“संमतिपत्र घेऊन जा. पान ठेवायचे की काढायचे, ते तिथेच ठरवा.”

आठवड्याने कागद परत आला. धर्माजींची वाकडीतिकडी सही होती आणि साक्षीदाराच्या रकान्यात नरेशची. सोबतच्या चिठ्ठीत नरेशने लिहिले होते : ‘पान राहू द्या. नायकाला हे माहीत नव्हते.’ कादंबरी तशीच छापली गेली. प्रकाशक उशिराबद्दल माझ्यावर अजून नाराज आहेत.

साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो असा : आपण त्या वेळी कुठे होतात आणि तिथून काय दिसत होते? पस्तीस वर्षे मी तो प्रत्येकाला विचारला. नरेशला विचारला नाही, आणि ओपिनियन मात्र टाइप करून तयार ठेवले होते.