शशिकलाबाईंचा डावा कान

शशिकलाबाई चंदीगडला आल्या त्या नवऱ्याच्या बदलीमुळे, आणि राहिल्या त्याही त्याच्याच मर्जीने. विश्रामराव केंद्र सरकारच्या लेखा खात्यातून निवृत्त झाले, पण पुसदला परतायचं सोडून त्यांनी सेक्टर ३४ मध्येच फ्लॅट घेतला. एकुलती मेघना इथेच वाढली आणि नोकरीसाठी थेट कोरियात, सेऊलला गेली. एप्रिलमध्ये दोघं तिच्याकडे गेली, तेव्हा तिने दोघांची संपूर्ण तपासणी ठरवूनच ठेवली होती.

“मला काय धाड भरलीय?” म्हणून बाईंनी टाळायचा प्रयत्न केला. मेघनाने ऐकलं नाही.

तिथे सगळं एकाच इमारतीत होतं. कपडे बदलून फिकट गुलाबी सदरा-पायजमा घालायचा आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं. रक्त, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सगळं बिनबोभाट झालं. मग कानांची खोली आली. काचेच्या कपाटासारख्या जागेत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे एक तरुण मुलगी यंत्र चालवत होती.

उजवा कान झाला. डाव्याची पाळी आली तशा बाई त्या मुलीच्या हाताकडे बघू लागल्या. तिचं बोट हललं की त्या बटण दाबायच्या. थोडा वेळ हे चाललं. मग ती मुलगी थांबली, आत आली, वाकून हसली आणि तिने बाईंची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

त्यानंतर बाईंनी एकदाही बटण दाबलं नाही.

डॉक्टरांचं बोलणं मेघना समजावून सांगत होती. अर्ध्यातच ती थांबली. “आई, ये कह रहे हैं कि डाव्या कानाने तुला काहीच ऐकू येत नाही. बिलकुल नहीं. कबसे?”

बाईंनी पदर सारखा केला. “चौथीत होते. गालगुंड झालं होतं.”

विश्रामराव शेजारीच बसले होते. “आणि मला माहीत नाही?”

“आई म्हणाली होती, लग्न ठरेपर्यंत कुठे बोलू नकोस.”

“लग्न होऊन मुलगी एवढी झाली!”

“नंतर तुमच्या बदल्या, मग हिची शाळा. आणि मग इतका उशीर झाला की सांगायचं तरी काय म्हणून, असं वाटायला लागलं.”

 परतताना मेट्रोत विश्रामरावांना चंदीगडशेजारच्या पंचकुल्यातला एक रस्ता आठवत होता. स्कूटर येताना पाहून त्यांनी हाक मारली होती आणि बाई नेमक्या स्कूटरच्या दिशेने सरकल्या होत्या. त्यानंतर कितीतरी दिवस बाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून बायकोच्या धांदरटपणाचा हा किस्सा त्यांनी पाहुण्यारावळ्यांसमोर रंगवून सांगितला होता, आणि बाईही त्यावर हसल्या होत्या.

“हाक कुठून आली ते तुला कळलं नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“नाही कळत. एका कानाने दिशा कळत नाही.”



चंदीगडला आल्यावर त्यांनी बाईंना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांनी त्या कानाला यंत्राचा उपयोग नाही, उजवा जपा. बाईंना हलकं वाटायला हवं होतं, पण झालं भलतंच. विश्रामराव आता घरात ओरडून बोलायला लागले. दूधवाल्याला, शेजारच्या ईश्वरीताईंना, सगळ्यांना सांगायला लागले, “इनको कम सुनाई देता है, जरा जोर से।” आयुष्यभर ज्या बाईला कोणी बहिरं म्हटलं नव्हतं, ती महिन्याभरात बहिरी झाली.

शेवटी एका दुपारी बाईंनी हातातली भाजी खाली ठेवली.

“अहो, एक कान ठणठणीत आहे माझा. तुमच्या ओरडण्याने तोही जाईल.”

विश्रामराव ओशाळले. आवाज उतरायला काही दिवस गेले, पण उतरला.

महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या समूहगीताची तालीम सुरू झाली. गाणं बसवणाऱ्या मधुरिमाताई दरवर्षी आग्रह करायच्या आणि बाई दरवर्षी घशाचं कारण सांगून प्रेक्षकांत बसायच्या. आवाज चांगला होता. पण डावीकडच्या बायकांचा सूर ऐकू यायचा नाही, आपण वेगळं पडू ही भीती होती.

या वेळी त्या स्वतःहून पुढे गेल्या. “मी गाते. फक्त मला रांगेत अगदी डाव्या टोकाला उभं करा.”

“का हो?”

“डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. सगळ्या उजवीकडे असल्या की झालं.”

मधुरिमाताईंनी मान डोलावली आणि टोकाच्या बाईला जरा आत सरकायला सांगितलं.