मामेसासऱ्यांची कालवा-सहल

देव माणसांना लाज वाटत होता तेव्हा आमचे मामेसासरे रांगेतल्या पुढच्या माणसाला त्याचं गाव विचारत असणार. त्यांचा नंबर आला आणि गेला, त्यांना पत्ताच नाही. परिणामी त्यांच्या वाट्याची लाज आम्हा घरच्यांवर येऊन पडली. तिचा मोठा हिस्सा त्यांची लेक सई हिने लहानपणापासून वाहिला आणि माझं लग्न झाल्यावर उरलेला माझ्याकडे आला. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे नाशिकचे, पण दोहात इतकी वर्षं काढलेली, की अल अझीझियातल्या त्यांच्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आलेत आणि कोणाचा एसी गळतोय हे घरमालकाच्या आधी त्यांना कळायचं. मी शहराच्या मधल्या भागात, बिन महमूदला राहतो. मध्ये एवढं अंतर आहे म्हणूनच मी टिकलो, असं मी बायकोला सांगतो आणि ती ऐकू न आल्यासारखं करते.

त्या काळात फुटबॉलच्या वर्ल्डकपसाठी गावभर स्टेडियमं उभी राहत होती आणि त्यातल्या एकावर मामा क्रेनच्या कामाचे सुपरवायझर होते. क्रेनने उचललेलं धूड हवेत लटकत असताना खालून हातवारे करून ते नेमकं कुठे उतरवायचं हे सांगायचं, असं ते काम. ही सवय साइटवर ठेवून घरी यावं की नाही? पण गल्लीत कोणी गाडी मागे घेताना दिसला की मामा हातातली दुधाची पिशवी खाली ठेवत, रस्त्याच्या मधोमध उभे राहत आणि दोन्ही हात वर करून त्याला गर्डरसारखा जागेवर बसवत. एकदा एक गृहस्थ गाडी बाहेर काढत होते. मामांनी त्यांना इतक्या अधिकाराने परत आत घातलं, की ते बिचारे बराच वेळ गाडीतच बसून राहिले. भाषेची अडचण मामांना कधी आली नाही. समोरचा इजिप्शियन असो की फिलिपिनो, ते सरळ मराठीत बोलत आणि वाक्याच्या शेवटी 'यल्ला' लावत. एवढ्याने मराठीची अरबी होते अशी त्यांची खात्री होती. गंमत म्हणजे लोकांना समजतही असे.

वर्ल्डकप हे तर त्यांच्या लेखी घरचंच कार्य होतं. रस्ते खणलेले, वळणं बदललेली, धूळ उडतेय, आम्ही सगळे वैतागलेले. आणि मामा मात्र वधूपित्याच्या तोऱ्यात म्हणत, लग्नघर म्हटलं की हे चालायचंच. न्हाव्याला, बँकेतल्या पोरीला, दवाखान्यात शेजारी बसलेल्या तापकऱ्याला, सगळ्यांना त्यांचं तोंडी आमंत्रण गेलेलं. "आपल्याकडचं कार्य आहे, यायचं बरं का." नाशिकच्या अख्ख्या कॉलनीला त्यांनी आपल्या दोन खोल्यांत उतरायला सांगून ठेवलं होतं. मामींनी गाद्यांचा प्रश्न काढला, तेव्हा मॅचच्या दिवसांत झोपतो कोण, असं म्हणून त्यांनी तो निकालात काढला.

सई बारावीला होती. इंग्रजी शाळेतली मुलगी, मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देणारी. मॉलमध्ये ती बापापासून इतकी लांब चालायची, की एकदा तिथल्या रखवालदाराने तिला हरवली आहेस का म्हणून विचारलं. मामांना हे कळत नव्हतं असं मला पुष्कळ दिवस वाटे. पण एकदा चहा पिताना ते सहज म्हणाले, "तिचं हे वयच आहे बापाची लाज वाटायचं. एक दिवस येईल की जवळ." बोलले हसतच, पण चहा तसाच निवत ठेवला. पुढच्या वर्षी ती कॉलेजला पुण्याला जायची होती, म्हणजे जवळ यायला दिवस तसे थोडेच उरले होते.

त्यातून ती सहल निघाली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मामींना केरळात हाउसबोटीवर न्यायचं, असं मामांनी कबूल केलं होतं. ऐन वेळी स्टेडियम ताब्यात द्यायची घाई सुरू झाली आणि रजा खलास. मग त्यांनी हॉलिडेच दोहात आणला. इथे समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर कालवे आहेत, दोन्ही काठांना रंगीत घरं, मधून छोट्या बोटी. मामांनी दोन तासांसाठी एक बोट ठरवली आणि सामान मात्र आठवड्याचं आणलं: उशा, चादर, थर्मास, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, नाडीला बांधलेली दुर्बीण. बोटवाला श्रीवर्धनचा निघाला. बोट सुटायच्या आत त्याच्या धाकट्या भावाचं लग्न कुठे अडलंय हे मामांना कळलेलं होतं. सई टोकाला पाठ करून बसली. मी बायकोशेजारी गॉगल लावून कोणी ओळखीचं दिसतंय का ते बघत होतो.

मग पिशवीतून ड्रोन निघाला. तळहाताएवढा, खेळण्यांच्या दुकानातला, मामींनी हळदकुंकू लावलेला. इथे ड्रोनला परवानगी लागते, हे मी आधीच बजावलं होतं. खेळण्याला कसली परवानगी, म्हणून मामांनी मला उडवून लावलं होतं. आजवर सगळे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे ते स्वतः एकाही फोटोत नाहीत. तिघं एका चित्रात यावीत, एवढाच बेत होता. तो उडवायचा सराव त्यांनी गच्चीवर पुष्कळ केला होता. पण बोटीत जावई बसलेला असताना सासरा पहिल्यांदा उडवील कसा? "पहिला मान तुमचा, जावईबापू," म्हणत त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी नको नको म्हटलं, मामींनी आग्रह केला, बायकोने डोळे वटारले. मानाला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, तेव्हा ज्याने जन्मात पतंग नीट उडवला नव्हता त्याने ड्रोन उडवला.

तो वर गेला आणि गर्रकन फिरला. त्याचं तोंड आमच्याकडे झालं, म्हणजे आता डावं ते उजवं, हे मला उमगेपर्यंत तो घरांच्या दिशेने निघालाही होता. मामा बोटीत उभे राहून क्रेनला करतात तसे हातवारे त्याला करू लागले. ड्रोन दुसऱ्या मजल्याच्या एका सज्ज्यासमोर जाऊन घोंघावत थांबला. सज्ज्यात एक बाई केस मोकळे सोडून, आपल्या घरात असावं तशी निवांत बसली होती. ती दचकून उठली, हातांनी तोंड झाकून आत पळाली, आणि ड्रोन सज्ज्यात पडला.

थोड्या वेळाने रखवालदाराबरोबर एक वयस्कर गृहस्थ काठावर आले. अंगात पांढरा स्वच्छ पायघोळ थोब, हातात आमचा ड्रोन. तोवर मामांनी रिमोट माझ्या हातून काढून घेतला होता. मी उठून इंग्रजीत सांगितलं, की उडवत मी होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जुने कतारी बोलतात तशा हिंदीत त्यांनी विचारलं, "इनमें बड़ा कौन है?" मामा काठावर उतरले आणि म्हणाले, मी.

"आपके घर में लड़की नहीं है?"

आवाज मुळीच चढलेला नव्हता. ज्या माणसाला बोलायला विषय लागत नाही, वेळ लागत नाही, ओळख लागत नाही, त्या माणसाला एक शब्द सुचेना. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, बोटीकडे हात केला आणि कसंबसं म्हणाले, "है। वो बैठी है।" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेव्हा सई उठली. बोटीतून उतरून बापाला अगदी खेटून उभी राहिली, त्यांचा हात धरला, आणि त्या गृहस्थांना इंग्रजीत म्हणाली, की हे माझे वडील आहेत, ते माझ्या आईचा व्हिडिओ काढत होते, तुमच्या घरच्यांची मी माफी मागते. मामा ज्याची इतकी वर्षं वाट बघत होते ते घडलं, पण तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. ते खाली फरशीकडे बघत राहिले.

गृहस्थांनी समोरच व्हिडिओ पुसायला लावला, ड्रोन परत दिला आणि खलास म्हणून हात झटकले. पोलिसांना बोलावलं नाही. उलट उन्हात उभे आहात म्हणून रखवालदाराकरवी आम्हाला पाण्याच्या बाटल्या पाठवल्या. त्या तशाच न उघडता बोटीत राहिल्या.

त्या दिवसापासून मामा गप्प झाले. गाडी मागे घेणाऱ्याला वाट देऊन कडेने जाऊ लागले. आमंत्रणं थांबली. मी एकदा न राहवून म्हणालो, "मामा, रिमोट माझ्या हातात होता." ते म्हणाले, "हातात तुमच्या होता. दिला मी होता." काही महिन्यांनी स्टेडियमचं काम आटोपलं, कंत्राट संपलं आणि ते एकटेच नाशिकला परतले. मामी इथे शाळेत शिकवतात, म्हणून त्या आणि सई बारावी होईपर्यंत थांबल्या. मी इतकी वर्षं त्यांच्यामुळे शरमेने मान खाली घातली, पण त्यांनी मान खाली घातलेली मला बघवत नव्हती.

वर्ल्डकपच्या आधी त्यांच्या स्टेडियमवर एक चाचणी सामना झाला. मामी, सई, बायको आणि मी गेलो. दिवे लागले, माणसं ओरडू लागली आणि सईने नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. हात उंच करून ती चारी बाजूंनी फोन फिरवत होती आणि पुढच्या रांगेने वळून बघावं इतक्या मोठ्याने, चक्क मराठीत बोलत होती, "बाबा, हे बघा तुमचं छत. दिसतंय का? हे सगळं तुम्ही केलंय."

पडद्यावर मामा हसले. मग हळूच म्हणाले, "फोन जरा खाली धर बाळा. समोर बायामाणसं बसली आहेत."

सईने फोन खाली केला. आता त्यात आमचे बूट आणि सिमेंटची पायरी, एवढंच येत होतं. काही दिसतंय का, असं तिने पुन्हा विचारलं.

"दिसतंय की," मामा म्हणाले. "छान दिसतंय." ती तसाच फोन धरून बसली, आणि ते ती पायरी बघत राहिले.