न दाखवलेली ओळख

माझी मैत्रीण कुंदा गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी रडले. दुसऱ्या दिवशी शोकसभेचा निरोप आला आणि डोकंच फिरलं. तिची दवाखान्यातली खोली ज्यांनी बंद पाडली, तेच विश्वस्त साहेब मुख्य वक्ते! महिना उलटला, राग उतरलेला नाही.

कुंदा मानसतज्ज्ञ होती, वणीकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात. कोवळ्या वयात कानात आवाज येऊ लागतात, घरचेच विष घालतील असं वाटू लागतं... तेव्हा आपल्याकडे आधी अंगारे-धुपारे होतात, मग लग्न उरकतात. त्याआधी पोर हाती लागावं, एवढ्यासाठी ती आयुष्यभर धडपडली. तिच्या खोलीला पाटी नव्हती. डोळे तपासायच्या खोलीतून आत जायचं. "डोळे दाखवाले गेलतो," असं घरच्यांना गावात सांगता यायचं.

मारेगावकडच्या अशाच एका आजारी मुलीचं साक्षगंध ठरलं होतं. कुंदा थेट घरी गेली आणि बापाला म्हणाली, "भाऊ, मले लग्न नाही मोडायचं. यंदाचं साल पोरीले द्या. पुढं मीच अक्षता टाकाले येईन." बापाने ऐकलं. औषधं सुरू झाली, कुंदा आठवड्याला तिच्याशी बोलत बसे. मुलगी सावरली, शिकली. लग्नाआधी नवऱ्याला तिने सगळं स्वतः सांगितलं; सासूला नाही. त्या लग्नाला कुंदा गेलीच नाही. बाजारातही अशी माणसं समोर आली की ती मान फिरवायची. लोक तिला माजोरी म्हणायचे. मी चिडले की हसायची, "म्हणू दे न. मी ओळख दाखवली तं तिच्या सासूले नाही समजणार?"

मग साहेबांना समाजसुधारणेची हुक्की आली. 'मनोरुग्ण उपचार कक्ष' अशी दिव्यांची पाटी लागली, फीत कापली. कुंदा हात जोडून म्हणाली, "पाटी काढा, लोक येणार नाहीत." साहेब म्हणाले, "लोकांनी लाज सोडायला हवी, मॅडम." दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर लाज सोडायला काय जातं? लोक यायचे थांबले. मग रुग्णच नाहीत म्हणून खोलीला कुलूप. पाटी अजून आहे.

शोकसभेत साहेब कुंदाच्या धैर्यावर भरभरून बोलले, टाळ्याही घेतल्या. मागच्या रांगेत त्या मुलीचा बाप हात जोडून बसला होता. सांगण्यासारखं त्याच्याकडेच होतं, आणि त्यालाच तोंड उघडता येत नव्हतं.

परवा बाजारात ती मुलगी दिसली, कडेवर बाळ, सोबत सासू. तिने मला कुंदाबरोबर कितीदा पाहिलेलं. डोळे भरून आले तिचे, एक पाऊल पुढे आली... मी मान फिरवली आणि वांग्यांचा भाव विचारला.

"कोन व्हय वं ते बाई?" सासूने विचारलं.

"नाही वळखत, आई."

घरी येऊन मी पिशवी ओट्यावर आपटली.