व्हॉल्व्हला कुलूप

आमच्या गल्लीच्या अध्यक्षांची टिल्लू मोटर चोरीला गेली आणि त्या दिवसापासून आम्ही सर्व रहिवासी सुरक्षित झालो.

टिल्लू म्हणजे नळाला थेट जोडून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्या टाकीत ओढणारी छोटी मोटर. ती नळाला लावणे नियमबाह्य आहे, हे मी अध्यक्षांना दोन वेळा लेखी कळवले होते. त्यामुळे चोरीनंतर त्यांची मोठी पंचाईत झाली. मोटर नळावरून सोडवून नेली असे पोलिसांना सांगायचे, तर ती नळावर होती हे आधी सांगावे लागते. फिर्याद देता येईना, म्हणून त्यांनी सभा बोलावली.

"वातावरण बिघडलंय," अध्यक्ष म्हणाले. "धोका वाढलाय."

"नेमका कोणता?" मी विचारले. जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात माझी नोकरी झाली आहे. मोघम आरोप ऐकण्याची मला सवय नाही.

"काका, सगळाच!"

या सर्वसमावेशक धोक्यावर सर्वसमावेशक उपाय मंजूर झाले. गल्लीच्या एका तोंडाला भिंत घालण्यात आली आणि दुसऱ्या तोंडाला लोखंडी फाटक बसले. रस्ता सार्वजनिक आहे आणि त्यावर विनापरवाना फाटक बसवता येत नाही, असे मी पत्राने कळवले. "काका, तुमचं अक्षर फार सुंदर आहे," असे तोंडी उत्तर मिळाले. फाटकावर एक रखवालदार आला. खांबांवर कॅमेरे आले. त्यांचे चित्र अध्यक्षांच्या मोबाइलवर दिसते. कोण कोणाकडे जाते, कोणाच्या सुनेकडे कोणते पार्सल येते, ही सारी माहिती एका गृहस्थाच्या खिशात जमा होते आणि यालाच आम्ही सुरक्षितता म्हणतो. त्यानंतर अ‍ॅप आले. बाहेरचा कोणीही आला की रखवालदार त्याचा फोटो काढणार, ज्याच्या घरी जायचे त्याच्या मोबाइलवर कोड येणार आणि तो कोड सांगितल्यावरच फाटक उघडणार. माझी खासगी माहिती कोणत्या अटींवर आणि कोणाकडे साठवली जाणार, याचा खुलासा मी मागितला. तो न आल्यामुळे अ‍ॅप घेतले नाही. त्यामुळे माझ्या घरी येणारे पाहुणे कोडअभावी फाटकाबाहेर उभे राहू लागले आणि अध्यक्षांच्या मते यंत्रणेची परिणामकारकता सिद्ध झाली.

शेवटचा उपाय सर्वांत अभिनव होता. आमच्या शहरात पाण्याला वार नसतो, पाळी असते. आपली पाळी आली की लाइनमन मोटारसायकलवर लांबलचक लोखंडी चावी आडवी बांधून येतो, गल्लीच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवतो आणि आमचे नळ सुरू होतात. पलीकडच्या गल्लीतले लोक हा व्हॉल्व्ह पान्याने फिरवून आपले पाणी पळवतात, असा अध्यक्षांना संशय होता. पुरावा नव्हता, पण तो नसल्यामुळे संशय अधिकच बळावला होता. त्यांनी खड्ड्यावर लोखंडी पिंजरा बसवून त्याला भक्कम कुलूप घातले. लाइनमन आल्यावर ते कोण उघडणार, असे मी लेखी विचारले. "चावी माझ्याकडे सुरक्षित आहे," असे उत्तर आले. मी प्रश्न विचारला होता चावीचा. उत्तर मिळाले चावीच्या प्रकृतीचे.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिचे सासर सिल्लोडकडे, शेतावर. मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना आमच्याकडे राहायचे, हे दोन्ही घरांत आधीच ठरले होते. माझ्या पत्नीने त्या सव्वा महिन्यासाठी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती आणि शेगडीसाठी गोवऱ्यासुद्धा कुठूनतरी मिळवल्या होत्या. पण मागची पाळी जलवाहिनी फुटल्यामुळे हुकली आणि आम्ही टँकर घेतला. त्या जड पाण्याने अंघोळ घातल्यावर बाळाच्या पाठीवर, मानेवर लाल पुरळ उठले.

नेमक्या त्याच दिवशी विहीणबाई नात बघायला आल्या. आमच्याकडे अ‍ॅप नव्हते, म्हणून रखवालदाराने त्यांना उन्हात उभे केले आणि डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून तपासला. त्या घरात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मी वर्तमानपत्र उलटे धरले.

"इवाई, तुमच्या गल्लीत लाडवाचा बाँब करत्यात व्हय?"

मी सुरक्षाव्यवस्थेचा इतिहास सांगू लागलो, पण तोवर त्यांनी बाळाचे दुपटे बाजूला केले होते. पुरळ पाहून त्या गप्प झाल्या. विहीणबाई गप्प होणे ही आमच्या दोन्ही घरांत गंभीर घटना मानली जाते.

"आमच्या हिरीला गोडं पानी हाय," त्या शेवटी माझ्या पत्नीला म्हणाल्या. "राग मानू नका, इहीनबाई. उद्या तुमची पाळी हाय म्हनता ना? पानी आलं तर राहू द्या. नाय आलं तर म्या जीप बोलावते आन् दोघींना घेऊन जाते."

पत्नीने दुपट्यांची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मुलगी तिच्याकडे पाहत होती आणि मी माझ्या मनातल्या सर्व कायद्यांकडे. बाळंतिणीचा ताबा पाणीपुरवठ्यावर अवलंबून असावा की नाही, याविषयी एकाही अधिनियमात तरतूद सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावर आवाज चढले म्हणून मी बाहेर गेलो. लाइनमन आला होता. मोटारसायकलवर ती पुरुषभर लांबीची चावी होती, जी पाहून शहरातले लहान मूलही हा कशासाठी आला आहे हे सांगेल. रखवालदाराचा मात्र मोबाइलवर अधिक विश्वास होता.

"कोनाकडं जायचंय?"

"किसीकडे नई जाना मेरेकू. वॉल खोलना है."

"घर नंबर सांगा."

"अरे बाबा, वॉल का घर नंबर रहता क्या?"

"मंग कोड कोनाला पाठवू?"

"वॉल कू भेज!"

रखवालदार माझ्याकडे वळला. "साहेब, यात व्हॉल्व्हचं बटनच नाय. पाहुणा हाय, डिलिव्हरी हाय, कामवाली हाय." तो फुलंब्रीकडून रोज येणारा सरळ माणूस होता. बटन नसलेल्या गोष्टीला आत सोडले तर पगार कापतील, अशी त्याला ताकीद होती.

"अध्यक्षांना फोन लावा."

"लावला. उचलत नाय. शेंद्र्याला साखरपुड्याला गेलेत."

"आणि पिंजऱ्याची चावी?"

"ती बी गेली."

लाइनमनने मोटारसायकलला किक मारली. "चाचा, मेरे आगे और गल्ल्यां हैं. नक्को तो नक्को. अगली पाळी कू देखेंगे."

"थांबा!" मी म्हणालो. त्या एका शब्दात विनंती, हुकूम आणि काकुळती या तिन्ही गोष्टी होत्या. लेखी असते तर मी त्यांचे तीन स्वतंत्र परिच्छेद केले असते. मी घरी जाऊन अ‍ॅप घेण्यासाठी मुलीकडे तिचा मोबाइल मागितला. मुलीने ते अ‍ॅप माहेरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन ठेवले होते, हे मला तेव्हा कळले.

"मग काल सासूबाई उन्हात उभ्या होत्या तेव्हा?"

"बाबा, तुमच्या तत्त्वाचा प्रश्न होता ना?" ती म्हणाली आणि बाळाला खांद्यावर घेऊन एका हाताने बटन दाबले. अशा रीतीने लाइनमन 'पाहुणा' या वर्गात माझ्या घरी आला आणि थेट कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे गेला.

कुलूप खरोखर भक्कम होते. अध्यक्षांनी आयुष्यात एकच गोष्ट चांगल्या प्रतीची आणली आणि ती आमच्या पाण्यावर घातली. लाइनमन हात झटकून म्हणाला, "ये मैं नई तोडता. सरकारी आदमी हूँ."

मी भोवताली पाहिले. दोन-तीन घरांच्या खिडक्यांचे पडदे हलले, पण माणूस बाहेर आला नाही. आमच्या गेटातून पत्नी येताना दिसली. तिच्या हातात वरवंटा होता. तिने तो माझ्या हातात दिला.

मोठी हानी टाळण्यासाठी सद्‍भावनेने केलेली लहान हानी हा गुन्हा होत नाही, असे कायदा म्हणतो. मी ते तत्त्व मनातल्या मनात उच्चारले आणि पहिला घाव घातला. तो पिंजऱ्यावर बसला. दुसरा माझ्या अंगठ्याजवळून गेला. तिसऱ्याच्या आधी माझा मोबाइल वाजला.

"काका!" अध्यक्ष ओरडत होते. मागे सनई ऐकू येत होती. "काय करताय काय? मला सगळं दिसतंय! तुम्ही कॅमेऱ्यात स्पष्ट दिसताय!"

"रखवालदार तुम्हाला मघापासून फोन करतो आहे."

"अनोळखी नंबर मी उचलत नाही. सुरक्षेचा नियम आहे."

"तो तुमचा रखवालदार आहे."

"ते असू द्या. आधी ती फोडाफोडी थांबवा!"

"कुलूप उघडायला येता का?"

"साखरपुडा सोडून?"

"मग तुमचा आक्षेप लेखी द्या," मी म्हणालो, मोबाइल खिशात टाकला आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत बेकायदेशीर दिसणारा घाव कुलपावर घातला. त्याची कडी निखळली. लाइनमनने चावी खाली सोडून व्हॉल्व्ह फिरवला आणि म्हणाला, "चाचा, रिटायर होके बी अच्छा काम कर लेते तुम." थोड्याच वेळात ज्या घरांच्या खिडक्यांचे पडदे हलत होते त्या सर्व घरांतून हंडे, बादल्या आणि पाइप बाहेर आले. धैर्याचे असे सार्वजनिक दर्शन आमच्या गल्लीत फार दिवसांनी घडले.

घरी आलो तेव्हा न्हाणीत विहीणबाई पाटावर बसल्या होत्या. पसरलेल्या पायांवर बाळ पालथे होते आणि त्या त्याच्या पाठीवर नळाचे पाणी कोमट करून सोडत होत्या. बाळ रडत नव्हते. पत्नी तांब्या भरून देत होती. जीपविषयी कोणी बोलत नव्हते आणि मीही विचारण्याचा मूर्खपणा केला नाही.

संध्याकाळी अध्यक्ष कार्यकारिणीच्या दोन सदस्यांना घेऊन दारात आले. मोबाइलवर माझ्या वरवंट्याचे चित्र होते. सामूहिक मालमत्तेचे नुकसान, सुरक्षेचा भंग, बाहेरच्या व्यक्तीला खोट्या वर्गात प्रवेश, असे आरोप त्यांनी वाचून दाखवले. मसुदा ढिसाळ होता. तो मी दुरुस्त करून देण्याची तयारी दर्शवली. तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या.

"ह्योच का तो कुलूपवाला?"

"आजी, हा सोसायटीचा विषय आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तुझ्या टाकीत आज पानी भरलं का?"

अध्यक्षांनी सदस्यांकडे पाहिले. सदस्य कॅमेऱ्याच्या खांबाकडे पाहू लागले.

"भरलं ना? मंग ते आधी सोडून दे गटारीत. चोरीचं हाय. मंग ह्यांच्यावर केस कर."

अध्यक्षांनी 'कार्यकारिणीत निर्णय घेऊ' असे सांगून फाटकाच्या दिशेने प्रयाण केले. तो निर्णय अद्याप माझ्या हाती आलेला नाही; मी दोन स्मरणपत्रे पाठवली आहेत. पिंजरा आहे, त्याला कुलूप नाही.

ते गेल्यावर विहीणबाईंनी आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या जावयाला, फोन लावला. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मुलगी आतल्या खोलीत बाळाला थोपटत होती. तिचा हात थांबल्याचे मला बाहेरून कळले.

"जीप नको धाडू," विहीणबाई म्हणाल्या. "माझी चार लुगडी आन् गुडघ्याचं तेल धाड. म्या हितंच ऱ्हाते सव्वा महिना. ह्या गल्लीत लई बंदोबस्त हाय बाबा, पोरीला एकटं सोडायचं भ्या वाटतं."

आतून थोपटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पत्नीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग ती ओट्यापाशी गेली आणि रात्रीच्या कुकरात एक वाटी तांदूळ वाढवला.