वांग्याचं पथ्य

आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात, मीही म्हणते. आत्याबाईंना ब्लडप्रेशर आहे आणि मी डॉक्टर आहे. एका घरात या दोन गोष्टी असल्या की लोकांना वाटतं, चला, मिटलं. लोकांना काय जातंय वाटायला!

काही वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचं तोंड एकाएकी वाकडं झालं होतं. हातातला तांब्या सुटला, जीभ जड झाली. दुपारपर्यंत सगळं आपोआप सरळ झालं आणि त्या उठून शेळीला पाला घालायला गेल्या. मी मात्र हादरले होते. लकव्याचा पहिला झटका नुसता चाटून गेला होता, दुसरा असा सोडणार नाही हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी, जन्मभर, असं मी सांगितलं. ते 'जन्मभर' त्यांना काही पटलं नाही. डोकं दुखलं तर गोळी घ्यायच्या, नाहीतर तशीच ठेवून द्यायच्या. त्याच सुमारास आठवडेबाजारातल्या एका चूर्णवाल्याने दिलेलं गुडघ्यांचं चूर्ण मात्र त्यांनी नेमाने संपवलं. त्याच्यासाठी ताक सोडलं, चिंच सोडली. गुडघे होते तसेच राहिले, पण चूर्णवाल्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवायला मी होतेच.

सध्याचं माझं काम म्हणजे नेमकं याच गोष्टीचं संशोधन. सरकारी दवाखान्यात मिळणारे उपचार कितपत बरे असतात आणि लोक ते अर्ध्यात सोडून जडीबुटीवाल्याकडे का जातात, हे गावोगाव फिरून विचारायचं. देवळाली प्रवऱ्याच्या घरातून सकाळी निघायचं, कधी पारनेरकडे, कधी पार कर्जतच्या बाजूला. ओट्यावर बसायचं, पाणी घ्यायचं, चहाला नको म्हणायचं, मग चहा घ्यायचा आणि प्रश्न विचारायचे. परत येताना राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. ट्रॉलीमागे गाडी लावून बसलं की कळतं, आपल्याला भूक लागलेली नाही, झोपही आलेली नाही, नुसता कंटाळा आलेला आहे. घरी पोचल्यावर कुणी काही विचारलं तरी अंगावर आल्यासारखं वाटतं.

मिरजगावच्या एका दम्याच्या बाईने मला या सगळ्याचं उत्तर एका दमात दिलं. दम्याच्या बाईने एका दमात, म्हणजे बघा. दवाखान्यातलं औषध सोडून ती हायवेवरच्या जडीबुटीवाल्याकडे का गेली, असं मी विचारलं होतं.

"डॉक्टरानी औषद दिलं, पर पथ्य काय ते सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "म्हनले, समदं खा. समदं खायचं तर औषदाला जोर कशाचा? ह्या बाबानी बघा, लोनचं तोडलं, दही तोडलं. त्यानं नाडी धरली, घरात कोन कोन हाय ते इचारलं. आपल्या दुखन्याची किंमत केली त्यानं."

मी मान डोलावली. दवाखान्यात असताना मीसुद्धा 'पथ्य काही नाही, पुढचा' असं म्हणतच दिवस काढलेत. दारापर्यंत रांग असली की दुसरं काय म्हणणार? पण परतीच्या वाटेवर एक कल्पना डोक्यात आली आणि मला बऱ्याच दिवसांनी जरा तरतरी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंच्या समोर गोळ्यांची पाकिटं ठेवली आणि तोंड गंभीर करून म्हणाले, "आत्याबाई, या गोळीला कडक पथ्य आहे. वांगं अजिबात चालणार नाही."

वांगं मी मुद्दाम निवडलं. बांधावरच्या काटेरी वांग्यांवर त्यांचा जीव होता. भाकरीवर भरीत घेऊन त्या चुलीपुढे बसल्या की सुनेच्या चुकासुद्धा त्यांना दिसत नसत. आणि पथ्य म्हणजे जरा टोचायला हवं, हे एवढं फिरल्यावर मला समजलं होतं.

त्यांनी डोळे बारीक केले. "मग आधी का न्हाई सांगितलं? उगं गोळ्या वाया घालवल्या."

त्या दिवसापासून गोळी एकदाही चुकली नाही. लग्नाच्या पंगतीत वांगं आलं की पानावर आडवा हात धरायच्या आणि शेजारणीला ऐकवायच्या, "माझी गोळी लई कडक हाय." चातुर्मासात आमच्याकडे वांगं तसंही बंद असतं, ते महिने तर फुकटातच गेले. प्रेशर खाली आलं. मी स्वतःलाच शाबासकी देत होते. हे अहवालात कसं लिहायचं एवढीच काळजी होती, कारण खोटं बोलून रुग्ण सुधारला हे कुठल्या रकान्यात भरणार?

चंपाषष्ठीचा मात्र मला विसर पडला. खंडोबा आमचा कुळदेव. त्या दिवशी तळी भरायची आणि देवाला नैवेद्य दाखवायचा तो बाजरीच्या भाकरीचा आणि वांग्याच्या भरताचा. घरची सून म्हणून मी तिथे असायला हवं होतं. मी मिरजगावात लोकांना पथ्याबद्दल विचारत होते.

पुढच्या रविवारी मी घरी होते. चहा गाळताना पाहिलं, आत्याबाई उंबऱ्यापाशी चौकट धरून उभ्या होत्या. चेहरा लाल. "काय होतंय?" "काय न्हाई, मान जरा जड झालीय." मी त्यांना खाटेवर बसवलं, दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला. आकडा भलताच वर गेला होता. मी घाईने पट्टा सोडला.

"दोन्ही हात वर करा. हसून दाखवा बरं."

"हसू कशाला? काय झालंय हसन्यासारखं?"

"आत्याबाई, हसा!" मी ओरडलेच. त्या घाबरून हसल्या. तोंड सरळ होतं. मग विचारलं, गोळी घेतली का?

"न्हाई. चंपाषष्टीपासनं घेतलीच न्हाई."

"का पण?"

"पथ्य मोडलं ना. देवाच्या परसादाला न्हाई कसं म्हनू? भरीत खाल्लं. आता पथ्य मोडल्यावर औषद घ्यायचं नसतं, उलटतं ते. तुला इचारनार हुते, परत कवा सुरू करू म्हनून. पर तू दमून येतीस. म्हटलं, कशाला तिच्या डोक्याला ताप."

त्या चुकारपणा करत नव्हत्या. मी घालून दिलेला नियम माझ्यापेक्षा जास्त इमानाने पाळत होत्या आणि त्या इमानाने त्यांना दुसऱ्या झटक्याच्या तोंडाशी नेऊन उभं केलं होतं. मी त्यांच्या हातावर गोळी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पथ्यबिथ्य काही नाही, वांग्याचा आणि गोळीचा काडीचा संबंध नाही, तुम्ही रोज घ्यावी म्हणून मी रचलेलं होतं ते.

त्यांनी आधी गोळी पाण्याबरोबर गिळली.

"म्हंजी माझी वांगी तू उगंच तोडलीस," त्या म्हणाल्या. "बाई, खरं सांगितलं असतंस तरी ऐकलं असतं. पर तू सांगतीस ते दारातून. एक पाय चपलीत घालून."

मला राग आला. थकलेल्या माणसाला खरं ऐकलं की रागच येतो. मी म्हणाले, "मी काय मजा मारायला जाते का? लोकांच्या ओट्यावर बसून दिवसभर एकेकाचं ऐकते."

"त्येच म्हनते मी. गावाला इचारतीस. मला इचारलंस कदी?" त्यांनी खाटेवर सरकून जागा केली. "बस हितं. जे समद्यांना इचारतीस त्येच इचार."

पुन्हा प्रेशर मोजायला थोडा वेळ थांबायचंच होतं. मी पिशवीतून कागद काढले आणि त्यांच्या शेजारी बसले. चहा गार झाला होता. हा प्रश्न मी इतक्या ओट्यांवर विचारला होता, की कागदाकडे पाहावंही लागलं नाही.

"दुखलं खुपलं तर तुम्ही आधी कुणाकडे जाता?"

आत्याबाईंनी पदर सावरला. परक्या बाईला उत्तर द्यावं तसा नीट विचार केला.

"कुनाकडंच न्हाई," त्या म्हणाल्या. "घरात डॉक्टर हाय, पर ती दमलेली असती."

मी कागदावरून मान वर केली.

"लिही की," त्या म्हणाल्या. "आन् पुढचा इचार."