माझी तपासणी

आमच्या सोसायटीत बाहेरून आलेल्या बायकांची तपासणी मी करायचे. चारकोपच्या सेक्टरमधली बैठी घरं, भोवती कंपाउंडची भिंत, एक लोखंडी फाटक आणि फाटकाला लागून वॉचमनची केबिन. मेलेली माणसं उठून रस्त्यांवर फिरायला लागली, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आम्ही त्यांना नुसतं ‘फिरते’ म्हणायचो. पोरं सुरुवातीला झॉम्बी म्हणायची, पण जे रोज दिसतात त्यांना एवढं भारी नाव कोण देत बसणार. फिरता चावला किंवा त्याची नखं लागली की माणूस त्यांच्यातला व्हायचा. म्हणून पाणी, लाकूड, पाला आणायला गेलेलं कुणीही परत आलं की आधी अंगावर जखम नाही हे दाखवायचं आणि मगच घरात पाऊल टाकायचं, असा नियम होता. पुरुषांना पुरुष बघायचे. बायकांना केबिनमध्ये मी.

हे काम माझ्याकडे आपसूक आलं. आधीच्या जगात मी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, कपड्यांच्या एका कंपनीत चेकिंगला होते. शर्ट उलटा करायचा, शिवण बघायची, डाग बघायचा, पास नाहीतर रिजेक्ट. बायकांनाही मी तशीच बघायचे. हात वर कर, वळ, केस बाजूला घे, पाय दाखव. शेजारणी कुरकुरायच्या, “काय गं, रोजची ओळख ना आपली?” मी म्हणायचे, ओळख फाटकाबाहेर ठेवून ये. माझ्या हातून चुकीचं माणूस कधी आत गेलं नाही आणि त्याचा मला भारी तोरा होता. ती घरं माझ्या नात्यातली नव्हती, पण आई गेल्यावर माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. त्यांच्यासाठी मी फाटकात आडवी पडले असते.

आणि माझी तपासणी? ती कुणीच करत नव्हतं. सुरुवातीला सेक्रेटरीच्या बायकोने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, माझी मी आरशात बघते. चेकिंगवालीवर कोण शंका घेणार? तसंच चालू राहिलं.

खरं कारण होतं कोड. कमरेपासून अर्ध्या पाठीपर्यंत पांढरे चट्टे, विशीत आलेले. आईने ते झाकायला शिकवलं. ब्लाउज लांब, पाठ बंद, लग्नघरी इतर बायकांबरोबर साडी बदलायची नाही, तब्येतीचं निमित्त करून एकटीने न्हायचं. एक स्थळ अगदी बोलणी ठरेपर्यंत आलं होतं. कुणीतरी जाऊन सांगितलं आणि ते लोक पुन्हा आले नाहीत. त्यानंतर मी घरच्यांना स्थळं बघू दिली नाहीत. कोड कुणाला लागत नाही, त्याने काही बिघडत नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला पटलंही होतं. पटून काय उपयोग? जगाची वाट लागली, त्या स्थळाला जाऊन सांगणारे आणि ते ऐकणारे दोघंही बहुधा रस्त्यावर फिरत होते, आणि मी अजून लांब ब्लाउज घालत होते. आज हे लिहितानाही कान तापतात.

त्या दिवशी सकाळी मी इस्टेटच्या मागे शेवग्याचा पाला तोडायला गेले होते. भिंतीच्या कोपऱ्यावरून एक फिरता आला, अंगावर कंपनीचा निळा युनिफॉर्म. आमच्याच कंपनीचा असावा. ओळख पटवायला मी थांबले नाही. कुंपणाच्या तारेखालून सरपटत निघाले, तो मागून वाकला आणि माझ्या पाठीवर आग झाली. तार लागली की नख, ते कळलं नाही. दोन्ही एकाच वेळी पाठीशी होते.

फाटकावरच्या माणसांनी मला आत घेतलं. नेहमीसारखी मी केबिनमध्ये शिरले, जरा वेळ थांबले, बाहेर आले. कुणी काही विचारलं नाही. घरी येऊन कपाटाच्या आरशासमोर पाठ केली, हातात लहान आरसा धरला. रक्त दिसत होतं, जखम दिसत नव्हती. मान दुखेस्तोवर वळवली तरी ती जागा काही आरशात येईना.

नियम मलाच पाठ होता. जखम संशयाची असली तर माणसाने केबिनमध्ये जायचं, बाहेरून कडी लावायची आणि जखम सुकते का बघायचं. फिरत्याची जखम सुकत नाही, संध्याकाळपर्यंत काळी पडते, एवढं आम्हाला कळून चुकलं होतं. पण म्हणजे कुणीतरी, निदान एकदा, माझी पाठ बघणार. दुसऱ्या कुणी बाईने हे लपवलं असतं तर मी तिला झिंज्या धरून बाहेर काढलं असतं. घरात बसून राहणं मला शक्य नव्हतं, शेजारी लेकरंबाळं होती. पाठ दाखवणंही शक्य नव्हतं. म्हणून मी पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि पाण्याच्या टाकीमागे भिंतीत असलेल्या छोट्या दरवाजाने कायमचं निघून जायचं ठरवलं. सगळ्यांच्या जिवासाठी निघाले असं कुणी म्हटलं असतं तर ते अर्धंच खरं होतं. मी पळून चालले होते.

टाकीपाशी एक बाई कळशी भरत होती. माझ्याच वयाची, समोरच्या खोलीत राहणारी. मानखुर्दहून अख्खी मुंबई पायी तुडवत काही महिन्यांपूर्वी ती आमच्या फाटकाशी आली होती. तेव्हा तिला पहिला प्रश्न जखमेचा नाही, आडनावाचा विचारला गेला. तिने ते सांगितलं, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग मला तपासायला बोलावलं. आधी ती ब्यूटी पार्लर चालवायची. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे.

“कुठे निघालीस?”

“पाला राहिलाय थोडा.”

“ब्लाउज भिजलाय तुझा मागून. रक्त आहे ते.”

“मी बघितलंय आरशात.”

“पाठ आरशात दिसत नाही गं. दिसली असती तर माझं पार्लर चाललं असतं का?” तिने कळशी खाली ठेवली. “चल, दाखव.”

“नको.”

“का?”

“लाज वाटते,” मी म्हटलं. हा शब्द मी आईसमोरही कधी काढला नव्हता.

ती हसली नाही. पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि मला केबिनमध्ये घेऊन गेली. जिथे मी इतर बायकांना उभं करायचे तिथेच मी उभी राहिले. हुक काढायला मला वेळ लागला. तिने मदत केली नाही, घाईही केली नाही.

“ते पांढरं जुनं आहे,” मी भिंतीला सांगितलं. “लागत नाही ते कुणाला.”

“मी ते बघत नाहीये. ओरखडा लांब आहे. तार असेल, नखही असेल. उगाच धीर द्यायला खोटं नाही बोलणार, मला कळत नाहीये.”

“मग कडी लाव.”

“लावावीच लागेल.”

बाहेर जाऊन तिने फाटकावरच्या माणसांना सांगितलं, पाठीला लागलंय, संशय आहे, सुकेपर्यंत इथेच ठेवू. मी दाराला कान लावून होते. आपण जगतो की मरतो याची धाकधूक राहिली बाजूला. ती ‘कोड’ म्हणते का, एवढंच मी ऐकत होते. तिने म्हटलं नाही. आणि मी काय ऐकत होते हे लक्षात आल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने ती हळद, तेल आणि डब्यात पेज घेऊन परत आली. आत शिरली आणि बाहेरच्या माणसाला म्हणाली, “लाव कडी.”

“अक्कल आहे का तुला?” मी ओरडले. “मी उठले तर?”

“उठलीस तर मी ओरडेन, ते येतील. एकटीनेच राहायचं असं कुठे म्हटलंय नियमात? बस खाली.”

ती हळद लावायला बसली. तिची बोटं ओरखड्यावरून, चट्ट्यांवरून, चांगल्या कातडीवरून सारखीच फिरत होती, कुठे अडखळत नव्हती. आईनंतर त्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.

“मला तू नेहमी दोनदा बघायचीस,” ती म्हणाली. हात चालूच होता. “बाकीच्यांना एकदा. मला म्हणायचीस, परत वळ.”

ती लांबून आली होती, अनोळखी होती, असं काहीतरी तोंडात आलं होतं. पण बोरिवलीहून आलेली एक बाईही अनोळखीच होती, फक्त आडनाव आमच्यासारखं, आणि तिला मी एकदाच वळवलं होतं. कशासाठी, हे मला ठाऊक होतं आणि माझ्यामागे बसलेल्या तिलाही. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. माझ्या पाठीवर कुणाची नजर पडू नये म्हणून मी जन्म काढला, आणि तिच्या पाठीवर दुसऱ्यांदा नजर टाकताना मला काहीच वाटलं नव्हतं.

“मग आत कशाला आलीस?” मी कसंबसं विचारलं.

“वाटेत दोन सोसायट्यांनी मला न बघताच हाकललं. तू दोनदा का होईना, बघितलंस. आणि बाहेर जाऊन जे होतं तेच सांगितलंस, साफ आहे म्हणून.” तिने हळदीची बोटं पुसली. “राग यायचा तुझा. अजून येतो.”

आम्ही पेज प्यायलो. वर पत्रा तापला होता. तिने ओढणी अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. “पहाटे उठून पाणी भरलंय. जरा पडते,” म्हणाली, आणि खरंच झोपली, घोरायलाही लागली. तिची मान माझ्या हाताच्या अंतरावर उघडी होती. मी माझ्या बोटांवर लक्ष ठेवून बसले. मधूनच बोटं हलवून बघायचे, अजून माझं ऐकतात ना म्हणून. फाटकावर जीव द्यायची भाषा करणारी मी, पण आजवर कुणाकडेही अशी पाठ करून झोपले नव्हते.

उन्हं कलली तेव्हा ती जागी झाली. डोळे चोळत म्हणाली, “बघू?”

मी वळले. पदर खाली घेतला.

“अंधार आहे गं. सुकलंय की काळं पडलंय, काही समजेना.” केबिनच्या खिडकीला पुठ्ठा ठोकलेला होता, तिने त्याचा कोपरा धरला. बाहेर फाटकाशी सगळे जमले होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. “काढू का? त्यांनाही तुझी पाठ दिसेल.”

“काढ,” मी म्हटलं, आणि खिडकीकडे पाठ करून बसले.