सिन्नरइतकंच लांब

तिकिटं विकायच्या धंद्यात पैसा साठो न साठो, किस्से मात्र साठतात. आमचे बहुतेक किस्से माझ्याच अज्ञानातून आलेत, त्यामुळे ते सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

नव्वदच्या दशकात मी आणि माझा दोस्त रफिक, आम्ही नाशिकला शालिमारजवळ ट्रॅव्हल एजन्सी काढली. दोघंही तोवर विमानात बसलो नव्हतो. पाटी रंगवणारा पेंटरही आमच्यातलाच. त्यानं विमान झकास काढलं, फक्त मागं टपावर चढायची शिडी दिली. रफिक म्हणाला, "राहू दे, लगेज कुठं ठेवणार?" मलाही ते पटलं.

*

एका द्राक्षबागायतदारांनी विचारलं, "दिल्लीला किती वेळ लागतो?"

"दोन तास," मी ऐटीत सांगितलं. आधी मुंबई गाठायची असते, हे बोलायचं राहून गेलं. त्यांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याला जेवायलाच येतो म्हणून कळवलं. दुपारी कसाऱ्याहून फोन आला. "साहेब, दोन तास झाले, मी अजून घाटातच हाय. जेवणाचं काय करू?"

मी म्हटलं, "तिथं वडा चांगला मिळतो."

*

मग आल्या मखमलाबादच्या शांतामावशी. फुलांचा मळा, आणि एकुलती एक लेक मस्कतला. तिचं पहिलं बाळंतपण, जवळ बाईमाणूस कुणी नाही. मावशींना जायचंच होतं, पण भीती होती. रेल्वेत त्यांना काही व्हायचं नाही, बंद गाडीत मात्र पोटात ढवळायचं.

"एसटीत सिन्नरपर्यंत निभतं," त्या म्हणाल्या. "म्होरं नाय. इमानाला किती वेळ लागतो, दादा?"

मी वेळापत्रकातली सुटायची आणि पोहोचायची वेळ वजा केली. "सव्वा तास, मावशी. सिन्नरइतकंच."

"मंग काढ तिकीट."

*

विमान उडाल्यावर रफिकनं विचारलं, "मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं. ते धरलंस ना?"

मी धरलं नव्हतं. म्हणजे मावशी पावणेतीन तास बंद गाडीत. मला डबा गेला नाही. माझ्या वजाबाकीपायी त्या माउलीचं काय होत असेल, याची खरंच भीती वाटली.

रात्री लेकीचा फोन आला. आई पोहोचली होती. मधेच पिशवी घेऊन उठली म्हणे, आणि हवाईसुंदरीला म्हणाली, "सिन्नर आलं असंल, मी उतरते."

*

नात झाली. परतीचं तिकीट हातात पडल्यावर मावशींनी मस्कतहून फोन लावला.

"दादा, जाताना सव्वा तास, मंग येताना चार तास कशे?"

घड्याळाचं गणित मला स्वतःलाच नीट कळलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "मावशी, येताना घाट चढायचा असतो ना."

रफिकनं कपाळावर हात मारून घेतला. पलीकडून मावशी म्हणाल्या, "आसं व्हय. बरं."

*

आल्यावर मावशी खजुराचा पुडा घेऊन थेट दुकानात हजर. माझी मान वर होईना. रफिक चहा सांगायच्या निमित्तानं सटकला.

"पोटात ढवळलं का हो?" मी विचारलं.

"एकदापण नाय. घाट लय खराब हाय पण, मधी नुसतं दणके. डायवर मात्र गुणाचा." मावशींनी खजूर माझ्या हातावर ठेवला. "येवढी वळणं आली आसतील, एकदा हॉर्न वाजवला नाय."